शेळीच्या दुधाचे पहिले दोन तास : फायदे, साठवण आणि प्रक्रिया

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्याकडे बारा दुभत्या शेळ्या असून दोन्ही वेळचे मिळून रोज सुमारे १८ लिटर दूध निघते. हे दूध दुसऱ्या दिवशी उग्र वास मारू लागते, तापवताना कधी कधी फाटते आणि त्याचे दही पातळ लागते. शेळीच्या दुधाचे नेमके फायदे कोणते, ते किती दिवस टिकते आणि उरलेल्या दुधाचे काय करावे, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. त्यातच आपण सहज एक वाक्य लिहिले आहे की, घरातील पाच महिन्यांच्या बाळाला हेच दूध सुरू करावे असा नातेवाइकांचा आग्रह आहे. मी अनेक वर्षे दुग्धप्रक्रियेचे काम करीत आहे आणि त्यातील बराच काळ शेळीच्या दुधासोबत गेला आहे. बाकीचे प्रश्न थोडे थांबू शकतात, बाळाचा थांबू शकत नाही, म्हणून त्यापासूनच सुरुवात करतो.

एक वर्षाच्या आतील बाळाला शेळीचे दूध देऊ नये, पाणी घालून नाही, उकळून नाही आणि अधूनमधून थोडेसे म्हणूनही नाही. या दुधात फोलेट, म्हणजे रक्त तयार होण्यास लागणारे ‘ब’ गटातील जीवनसत्त्व, फार कमी असते, १०० ग्रॅम दुधात जेमतेम १ मायक्रोग्रॅम, तर गाईच्या दुधात ते साधारण ५ मायक्रोग्रॅम असते. बी-१२ जीवनसत्त्वही गाईच्या दुधापेक्षा बरेच कमी असते. मुख्यतः याच दुधावर वाढवलेल्या बाळांना होणारा रक्तक्षय युरोपातील डॉक्टरांनी १९२०च्या दशकातच नोंदवला होता आणि त्याला शेळीच्या दुधाचाच रक्तक्षय असे नाव पडले होते. याखेरीज आईच्या दुधात प्रथिने सुमारे १ टक्का असतात आणि शेळीच्या दुधात ३ टक्क्यांहून अधिक. प्रथिने आणि क्षार यांचा हा भार तान्ह्या बाळाच्या मूत्रपिंडांना पेलत नाही. पाणी घालून भार कमी करावा तर उष्मांक कमी पडतात आणि फोलेट तर मुळातच फार कमी असते. शेळीच्या दुधापासून बनवलेली बालान्नाची भुकटी ही वेगळी वस्तू आहे, कारण तिच्यात जीवनसत्त्वे मोजून घातलेली असतात आणि प्रथिने बाळाला सोसतील इतकी ठेवलेली असतात. तीही बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच द्यावी.

याला लागूनच आणखी एक समज खोडून काढणे मला आवश्यक वाटते. गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्यांना शेळीचे दूध चालते, असे सर्रास सांगितले जाते. गाईच्या आणि शेळीच्या दुधातील प्रथिने एकमेकांशी इतकी मिळतीजुळती असतात की गाईच्या दुधाची खरी ॲलर्जी असलेल्या बहुतेकांना शेळीच्या दुधाचाही त्रास होतो, आणि हा त्रास काही वेळा श्वास कोंडण्यापर्यंत जातो. दुग्धशर्करा न पचण्याची तक्रार ही ॲलर्जीहून निराळी आहे, पण तिथेही फारसा दिलासा नाही. शेळीच्या दुधात ही शर्करा सुमारे ४.१ ते ४.५ टक्के असते आणि गाईच्या दुधात ४.७ टक्क्यांच्या आसपास. एवढ्याशा फरकाने पोटाचा त्रास थांबत नाही. तशा माणसाने दही किंवा चीज घेऊन पाहावे, कारण त्यात जिवाणूंनी बरीचशी शर्करा वापरून टाकलेली असते.

मग या दुधात चांगले काय आहे? पुष्कळ आहे, आणि ते अतिशयोक्ती न करताही सांगता येते. त्यातील स्निग्धकण गाईच्या दुधातील कणांपेक्षा सरासरीने लहान असतात. अल्फा-एस-१ या केसिन प्रथिनाचे प्रमाण शेळीनुसार बदलते, पण बहुधा गाईपेक्षा कमी असते. त्यामुळे जठरात आम्लाने या दुधाचा जो गोळा बनतो तो मऊ आणि भुसभुशीत असतो आणि पाचकरसांना तो लवकर फोडता येतो. ज्यांना गाईचे दूध जड वाटते त्यांच्यापैकी काहींना हे दूध हलके वाटण्याचे कारण इथे असावे. त्याच्या स्निग्धांशात कॅप्रोइक, कॅप्रिलिक आणि कॅप्रिक ही तीन मेदाम्ले मिळून साधारण १५ टक्के किंवा त्याहून अधिक असतात, म्हणजे गाईच्या सुमारे दुप्पट, आणि या तिन्ही नावांचे मूळ शेळी या अर्थाच्या लॅटिन शब्दातच आहे. ती तुलनेने लवकर पचतात आणि मोकळी झाली की वासही तीच देतात, त्याविषयी पुढे लिहितो. १०० ग्रॅम दुधातून सुमारे १३० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि २०० मिलिग्रॅम पोटॅशियम मिळते. शेळी चाऱ्यातील कॅरोटीनचे जवळजवळ पूर्णपणे ‘अ’ जीवनसत्त्वात रूपांतर करते, म्हणून तिचे दूध, लोणी आणि तूप पांढरेशुभ्र असते. हा पांढरेपणा म्हणजे कस कमी असल्याची खूण नव्हे.

मात्र हे दूध औषध नाही. डेंगीच्या साथीत प्लेटलेट वाढाव्यात म्हणून लोक शेळीचे कच्चे दूध शोधत फिरतात, त्यांना विकताना आपण स्पष्ट नकार द्यावा अशी माझी विनंती आहे. त्याने प्लेटलेट वाढतात याला भरवशाचा पुरावा नाही, आणि आधीच अशक्त झालेल्या रुग्णाला कच्चे दूध पाजणे हा एका आजारावर दुसरा आजार ओढवून घेण्याचा प्रकार आहे.

कच्च्या दुधाचा धोका किती खरा आहे हे माल्टा बेटाच्या इतिहासातून कळते. तेथील ब्रिटिश सैनिकांना महिनोन्‌महिने चढउतार होणारा ताप येत असे. लष्करी डॉक्टर डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ मध्ये त्या तापाचा जिवाणू शोधून काढला, पण तो माणसापर्यंत येतो कुठून हे पुढे अठरा वर्षे उमगले नाही. १९०५ मध्ये माल्टाचेच डॉक्टर थेमिस्टोक्लिस झामित यांनी बेटावरील शेळ्यांचे रक्त तपासले, तेव्हा वरवर धडधाकट दिसणाऱ्या, भरपूर दूध देणाऱ्या शेळ्यांमध्येच तो जिवाणू सापडला. १९०६ मध्ये छावणीत शेळीचे दूध बंद झाले आणि सैनिकांमधील ताप झपाट्याने ओसरला. तोच हा ब्रुसेला मेलिटेन्सिस, आणि शेळ्या पाळणाऱ्या कुटुंबांना तो आजही गाठतो. शेळी निरोगी दिसते म्हणून दूध निर्धोक आहे, असे कधीही मानू नये. कळपाची ब्रुसेलोसिससाठी, म्हणजे याच जिवाणूच्या आजारासाठी, रक्ततपासणी करून घ्यावी आणि गाभडलेल्या शेळीचे दूध पशुवैद्यकांनी सांगेपर्यंत वापरात घेऊ नये. गाभडलेले करडू किंवा वार हाताळताना हातमोजे आणि मास्क घालावेत, कारण हा आजार दुधाशिवाय या वाटेनेही येतो.

आता वासाकडे वळू, कारण आपल्या बाकी बहुतेक तक्रारी त्याच्याशी जोडलेल्या आहेत. शेळीच्या दुधाला वास असतोच असे आपण गृहीत धरलेले दिसते. स्वच्छ काढलेल्या आणि ताबडतोब थंड केलेल्या ताज्या दुधाला जवळजवळ वास नसतो, हे मी खात्रीने सांगतो. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी पहिल्याच दिवशी तसे दूध कोणत्या जनावराचे आहे ते न सांगता प्यायला देतो, आणि बहुतेकांना ते ओळखता येत नाही. वास नंतर तयार होतो. दुधात लायपेज नावाचे विकर असते. शेळीच्या दुधात ते गाईपेक्षा कमी असले तरी त्याचा मोठा भाग स्निग्धांशाला लगटून असतो. स्निग्धकणाभोवतीचे पातळ आवरण फाटले की हे विकर आतील मेद तोडते आणि वर सांगितलेली मेदाम्ले मोकळी होतात. बांधलेल्या अवस्थेत त्यांना वास नसतो, मोकळी झाली की अगदी थोडी मात्राही नाकाला जाणवते.

म्हणून प्रश्न असा विचारायला हवा की आवरण फाटते कशाने. दूध उंचावरून ओतल्याने, फेस येईल असे घुसळल्याने आणि अर्धवट भरलेल्या कॅनमधून हिंदकळत नेल्याने ते फाटते. थंड दुधात कोमट दूध मिसळले, ते मिश्रण थोडे गरम झाले आणि पुन्हा थंड झाले, तर या चढउतारानेही लायपेजला वाट मिळते. आपण सकाळचे थंड दूध बाहेर काढून त्यात संध्याकाळची धार ओतता आणि भांडे पुन्हा फ्रिजमध्ये ठेवता, असे लिहिले आहे. माझ्या मते दुसऱ्या दिवशीच्या वासाचे मुख्य कारण हेच आहे. दोन वेळचे दूध वेगळे ठेवा, आणि एकत्र करायचेच असेल तर दोन्ही ४ अंशांपर्यंत थंड झाल्यावरच करा.

दुसरे कारण म्हणजे थंड होण्यास लागणारा वेळ. दूध कासेतून साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सिअसला येते आणि तेच जिवाणूंचे आवडते तापमान आहे. अशा उबेत काही जिवाणू वीस ते तीस मिनिटांत दुप्पट होतात. लोकांना वाटते की भांडे फ्रिजमध्ये ठेवले म्हणजे दूध थंड झाले. पाच लिटरचा स्टीलचा कॅन घरगुती फ्रिजमध्ये ठेवून मी एकदा मधोमध तापमापक सोडून ठेवला होता. तीन तासांनी कॅन बाहेरून हाताला गार लागत होता आणि आतील दूध अजूनही २० अंशांच्या आसपास होते. फ्रिज थंड दूध थंड राखतो, गरम दूध थंड करण्याची ताकद त्याच्यात नसते. त्याऐवजी टबात बर्फाचे पाणी घ्यावे, दुधाच्या पातळीइतके पाणी बाहेरून येईल असा कॅन त्यात ठेवावा आणि स्वच्छ स्टीलच्या पळीने, फेस न येऊ देता, दूध हळूहळू फिरवत राहावे. पाच लिटरसाठी दोन ते तीन किलो बर्फ लागतो, आणि आधी साध्या थंड पाण्यात दहा मिनिटे ठेवल्यास त्याहून कमी. अर्ध्या तासात दूध ४ अंशांवर येते. धार काढल्यापासून फार तर दोन तासांत हे झालेच पाहिजे. या दोन तासांत जे बिघडते ते पुढची कोणतीही प्रक्रिया दुरुस्त करू शकत नाही. पाश्चरीकरणाने, म्हणजे दूध ठरावीक तापमानाला ठरावीक वेळ तापवल्याने, जिवाणू मरतात, पण त्यांनी तयार केलेले आम्ल आणि मोकळी झालेली मेदाम्ले दुधातच राहतात.

धार काढण्याविषयी आपल्याला माहिती आहेच, म्हणून जिथे नेहमी चूक होते तेवढेच सांगतो. कास धुतली की ती कोरडी पुसलीच पाहिजे, आणि प्रत्येक शेळीसाठी वेगळे फडके किंवा कागद हवा, कारण ओल्या कासेवरून ओघळणारे पाणी सगळी घाण घेऊन भांड्यात उतरते. प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा वेगळ्या काळ्या कपात घ्याव्यात. गुठळ्या किंवा पाणचटपणा दिसला तर ती कासदाहाची, म्हणजे कासेच्या संसर्गाची, सुरुवात असते आणि ते दूध मिसळू नये. धारेनंतर सड जंतुनाशक द्रावणात बुडवावेत. भांडी स्टीलचीच असावीत, कारण तांब्याचा किंवा गंजलेल्या लोखंडाचा अंश दुधात उतरला की मेद हवेशी संयोग पावून पुठ्ठ्यासारखी चव येते. बोकड धारेच्या जागेपासून दूर बांधावा. उग्र वासाचा चारा धारेच्या आधी न देता नंतर द्यावा.

पाश्चरीकरणासाठी घरी वेगळे यंत्र लागत नाही. मोठ्या पातेल्यातील गरम पाण्यात दुधाचे पातेले ठेवून दूध ६३ अंशांवर आणावे, झाकण ठेवून आणि मधूनमधून ढवळून ते तापमान सलग ३० मिनिटे टिकवावे, आणि लगेच पुन्हा बर्फाच्या पाण्यात थंड करावे. दुसरी रीत ७२ अंशांवर १५ सेकंदांची आहे, पण ती सतत वाहत्या दुधाच्या यंत्रासाठी ठरलेली आहे. पातेल्यात सगळे दूध एकाच क्षणी त्या अंशावर येत नाही, म्हणून घरच्या कामाला मी अर्ध्या तासाचीच रीत सुचवतो. दुधावरचा फेस खालच्या दुधापेक्षा थंड राहतो, हे लक्षात ठेवून ढवळण्यापुरतेच झाकण काढावे. तापमापक अधूनमधून वितळत्या बर्फात बुडवून शून्य दाखवतो ना ते पाहावे. नुसते उकळलेले दूधही निर्धोक असते, मात्र त्याला शिजल्याची चव येते आणि आपण लिहिता तसे ते फाटण्याचा धोका असतो. पाश्चरीकरणाचा आणखी एक लाभ असा की त्याने लायपेजही बहुतांशी निकामी होते, म्हणून दूध धारेनंतर जितक्या लवकर पाश्चरीकृत कराल तितका वास कमी येईल. दुसऱ्या दिवसापर्यंत कच्चे ठेवून मग तापवण्यात हा लाभ हातचा जातो.

टिकण्याचा हिशेब असा आहे. ४ अंशांवर ठेवलेले कच्चे दूध दोन दिवसांच्या आत प्रक्रियेला घ्यावे. नीट पाश्चरीकरण करून उकळत्या पाण्यातून काढलेल्या बाटल्यांत भरलेले दूध त्याच तापमानाला पाच ते सात दिवस राहते. बाटल्या फ्रिजच्या दारात ठेवू नयेत, तिथे तापमान सतत वरखाली होते. प्रकाशानेही चव बिघडते, म्हणून पारदर्शक बाटली उजेडात ठेवणे टाळावे. गोठवायचे असेल तर पाश्चरीकृत दूध अर्धा-एक लिटरच्या पिशव्यांत, वर थोडी जागा सोडून, उणे १८ अंशांवर ठेवावे आणि तीन महिन्यांत वापरावे. जितके पटकन गोठेल तितके चांगले, म्हणून पिशव्या आडव्या आणि पातळ पसरून ठेवतात. वापरण्याआधी रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून दूध हळूहळू पातळ होऊ द्यावे. त्यात बारीक कण दिसले तर ते मेद आणि प्रथिने वेगळी झाल्याचे लक्षण आहे, दूध नासल्याचे नव्हे. असे दूध पिण्यापेक्षा स्वयंपाकात वापरावे. एकदा वितळलेले दूध पुन्हा गोठवू नये.

दूध फाटण्याविषयी मला थोडे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण इथे प्रामाणिक उत्पादकावर विनाकारण संशय घेतला जातो. शेळीच्या दुधात मोकळे कॅल्शियम जास्त असते आणि केसिनच्या कणांची ठेवणही वेगळी असते, त्यामुळे हे दूध मुळातच गाईच्या दुधाइतकी उष्णता सोसत नाही. त्यात थोडीशी जरी आंबट भर पडली तरी उकळी येताच ते फाटते. विण्यानंतरच्या पहिल्या चार-पाच दिवसांचा चीक, आटत आलेल्या शेळीचे दूध आणि कासदाह झालेल्या सडाचे दूध यांपैकी काहीही मिसळले गेले तर सगळे भांडे जाते. गाईच्या दुधासाठी संकलन केंद्रांवर वापरली जाणारी ६८ टक्के अल्कोहोलची चाचणी, म्हणजे दुधात अल्कोहोल मिसळून ते फाटते का हे पाहण्याची रीत, शेळीच्या ताज्या, निर्दोष दुधालाही अनेकदा नापास करते. आपले दूध त्या चाचणीवर नाकारले गेले असेल तर आम्लता मोजून घेण्याचा आग्रह धरा. कासदाह ओळखण्यासाठी केल्या जाणाऱ्या दुधातील पेशींच्या मोजणीचेही तसेच आहे. शेळीच्या कासेत दूध ज्या पद्धतीने स्रवते तिच्यामुळे पेशींचे तुकडे दुधात उतरतात आणि साध्या यंत्राला तेही पेशी वाटतात, म्हणून गाईसाठीची मर्यादा शेळीला जशीच्या तशी लावणे चूक आहे. फाटू नये म्हणून दुधात खाण्याचा सोडा टाकण्याचा सल्ला आपल्याला कोणी दिला असेल तर तो मानू नका. आंबट झालेले दूध सोड्याने ताजे होत नाही, फक्त तसे भासते, आणि ही सरळ भेसळ आहे.

दही पातळ लागण्याचे कारण वर आलेच आहे. ज्या केसिनमुळे गाईच्या दह्याला घट्टपणा येतो तेच इथे कमी असते, म्हणून शेळीच्या दह्याकडून सुरीने कापता येण्याची अपेक्षा ठेवू नये. तरीही बरीच सुधारणा शक्य आहे. दूध ८५ अंशांवर अर्धा तास ठेवा. एवढ्या उष्णतेने दुधातील इतर प्रथिने उलगडून केसिनला चिकटतात आणि पाणी धरून ठेवतात. मग ४२ ते ४३ अंशांवर आणून २ टक्के ताजे विरजण घाला आणि चार ते सहा तास भांडे अजिबात हलवू नका. दही लागल्यावर ते तसेच थंड करा, आणखी आंबू देऊ नका. हवी असल्यास दुधात २ टक्के दुधाची भुकटी आधी मिसळा, किंवा तयार दही कापडात दोन-तीन तास टांगून घट्ट करा. मला दुसरा उपाय अधिक आवडतो, कारण त्यात चव खुलते.

दही अजिबातच लागले नाही तर विरजणाला दोष देण्याआधी कळपाची औषधांची वही उघडावी. एकदा माझ्या हाताखाली ४० लिटरचा पूर्ण घाणा बारा तासांनीही दुधासारखाच वाहत राहिला होता. विरजण बदलले, तापमान तपासले, भांडी पुन्हा धुतली. शेवटी कळले की कासदाहावर प्रतिजैविक दिलेल्या एकाच शेळीचे दूध चुकून कॅनमध्ये गेले होते. तेवढ्या अंशाने विरजणातील जिवाणू मेले होते, आणि तेच दूध दही न लावता विकले गेले असते तर तो अंश कोणाच्या तरी पोटात गेला असता. औषधाच्या वेष्टनावर आणि पशुवैद्यकांनी सांगितलेला दूध बाजूला ठेवण्याचा काळ पूर्ण पाळावा आणि त्या शेळीच्या गळ्यात रंगीत पट्टा बांधावा, म्हणजे धार काढणारा माणूस बदलला तरी चूक होणार नाही.

उरलेल्या दुधाचे काय करावे याविषयी माझे मत ठाम आहे : मऊ चीज. शेळीच्या दुधाचा गोळा नाजूक असतो हा जो दह्यातील दोष, तोच इथे गुण ठरतो. पाश्चरीकृत दूध २२ अंशांवर आणून त्यात मंद तापमानाला वाढणारे चीजचे विरजण घालावे आणि नेहमीच्या मात्रेच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतकेच रेनेट, म्हणजे दूध साकळवणारे विकर, पाण्यात विरघळवून मिसळावे. मग भांडे १८ ते २४ तास एका जागी राहू द्यावे. तयार झाल्याची खूण डोळ्यांना दिसते. पांढरा थर भांड्याच्या कडेपासून किंचित सुटतो, त्यावर बोटाच्या पेराएवढी हिरवट-पिवळसर निवळी उभी राहते आणि पळी घातली तर ती कडेला स्वच्छ रेघ सोडून आत जाते. हा थर ढवळू नये, पळीने अलगद पातळ काप उचलून कापडात ठेवावेत, आठ ते बारा तास निथळू द्यावे आणि १ ते १.५ टक्का मीठ मिसळावे. घाईने ओतले तर निवळीबरोबर मेदही वाहून जातो आणि चीज पिठूळ लागते. १० लिटर दुधापासून दीड ते दोन किलो चीज मिळते. ते ४ अंशांवर ठेवून आठवडाभरात संपवावे, आणि कच्च्या दुधाचे मऊ चीज कधीही करू नये, कारण लिस्टेरिया जिवाणू थंडीतही वाढतो आणि गर्भवतींना त्याचा मोठा धोका असतो.

पनीरही होते, पण ते गाईच्या पनीरपेक्षा ठिसूळ असते. दूध ८५ अंशांपर्यंत तापवून, गॅस बंद करून, १ टक्का सायट्रिक आम्लाचे गरम द्रावण बारीक धारेने सोडावे आणि निवळी स्वच्छ दिसताच थांबावे. वजन हलके आणि जास्त वेळ ठेवावे, जड वजनाने ते चुरते. तुपाच्या वाटेला मात्र आपण जाऊ नये असे मला वाटते. शेळीच्या दुधात स्निग्धकणांना एकत्र आणणारे प्रथिन नसल्याने साय फार हळू वर येते, त्यामुळे मलई काढायचे यंत्र लागते, आणि ४ टक्के मेद धरला तरी १८ लिटरमधून पाऊण किलो तूपही हाती येत नाही. दुधाच्या भुकटीला फवाऱ्याने वाळवणारा कारखाना हवा आणि एका किलोसाठी सुमारे आठ लिटर दूध जाते, म्हणून तो विषय आपल्या आवाक्याबाहेरचा आहे. चीज आणि पनीरची निवळी फेकू नका. ती ताजी असताना पीठ मळायला चालते, मात्र शेळ्यांना एकदम जास्त पाजू नये.

हे सगळे सुरू करण्याआधी आपण एक लहान प्रयोग करावा. एका सकाळी बाराही शेळ्यांचे दूध वेगवेगळे काढा, प्रत्येकीचे पाव लिटर उकळत्या पाण्यातून काढलेल्या बाटलीत भरा, बाटलीवर शेळीचा क्रमांक लिहा आणि सगळ्या बाटल्या एकदम बर्फाच्या पाण्यात थंड करून फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी प्रत्येक बाटलीतील थोडे दूध हाताला कोमट लागेल इतके गरम करून वास घ्या. दूध कच्चे आहे, म्हणून चव घेऊ नका. माझा अंदाज असा आहे की बहुतेक बाटल्या चांगल्या राहतील आणि एक-दोनच बिघडतील. काही शेळ्यांच्या दुधात मेद तुटण्याची प्रवृत्ती जन्मतःच जास्त असते, काहींना न दिसणारा कासदाह असतो आणि काही आटत आलेल्या असतात. त्या एक-दोघींच्या सडांची तपासणी करून घ्या, तोवर त्यांचे दूध वेगळे ठेवून पाश्चरीकरण करून करडांना पाजा, आणि बाकीच्या दहा जणींच्या दुधाचे चीज लावा.